वर सुरगाठ, खाली निरगाठ: पॉलिहाऊसमधली दोरबांधणी

आमचं पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचं हरितगृह, हातकणंगले तालुक्यात, १० गुंठ्यांचं. पहिल्या वर्षी काकडी लावली तेव्हा वेल वरच्या तारेला टांगायची दोरी म्हणजे किरकोळ खर्च, अशी माझी समजूत होती. इचलकरंजी जवळच, मागावरचं सूत स्वस्तात मिळालं, तेच पीळ देऊन बांधलं. दीड महिन्यात ठिबकच्या ओलीनं ते बुडाशी कुजलं आणि एका सकाळी अख्खी ओळ बेडवर आडवी. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “वैनी, वेल दोरीला न्हाई, दोरीच वेलाला लोंबतीया.”

सुतळीचंही तेच होतं. उघड्या रानात टोमॅटोला बांबू, तार आणि सुतळी चालते, कारण झाड छातीएवढं झालं की पीक संपत येतं. पॉलिहाऊसमधल्या जातींचा शेंडा थांबतच नाही. टोमॅटो आठवड्याला वीतभर तरी वाढतो, काकडी त्याच्या दुपटीनं. म्हणून दोरी न कुजणारी घ्या, प्लास्टिकची किंवा पॉलिस्टरची. ऊन सोसणारी आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. साधी प्लास्टिकची दोरी उन्हानं भुगा होते.

पण दोरीच्या आधी तार बघायची, आणि तारेच्या आधी सांगाडा. युरोपातल्या हरितगृहांच्या मानकात टोमॅटो-काकडीसारख्या टांगलेल्या पिकाचं वजन चौरस मीटरला १५ किलो धरतात. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर, म्हणजे १५ टन. उसाचा भरलेला ट्रॅक्टर छताला टांगल्यागत! आमचा सांगाडा उभा करणाऱ्यानं हे वजन धरलंच नव्हतं. एप्रिलमधला वळीव आला, वारं घुसलं आणि तार बांधलेला आडवा पाइप मधोमध वाकला. तुम्ही सांगाडा घेताना ‘पिकाचं वजन धरलंय का’ हे कागदावर लिहून घ्या. आधीच उभा असेल तर तारांसाठी वेगळे खांब रोवा आणि शेवटच्या खांबांना बाहेरून तणावे द्या.

तार जस्ताचा थर दिलेली, १० गेज जाडीची, जमिनीपासून ९ फुटांवर. खांब ४ मीटरवर असतील तर मधे आणखी एक आधार द्या. एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, लावा. मात्र तार सतारीसारखी ताणू नका. जितकी ताठ, तितका ओढा खांबांवर जास्त. भरलेल्या पिकात दोन आधारांमध्ये चारेक बोटं झोळ आला तर येऊ दे.

आता दोरी. रोप लावून आठ-दहा दिवस झाले की बुडाशी अंगठा सहज जाईल एवढा सैल फास ठेवून निरगाठ मारायची. सरकफास मारला तर खोड जाड होताना आवळतो आणि वरचा वेल सुकत जातो. आपण मात्र मर रोग समजून औषध ओतत बसतो. वरच्या टोकाला सुरगाठ, कारण वेल तारेला पोचत आला की तो खाली घ्यायला ती सोडायचीच आहे. मी आता गाठीऐवजी आकडी वापरते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाड तारेच्या आकड्या वाकवून घेतल्या. प्रत्येकीवर २०-२५ फूट जादा दोरी गुंडाळलेली असते. हवी तेवढी उलगडायची, आकडी पुन्हा तारेवर अडकवायची.

दर आठवड्याला शेंडा दोरीभोवती फिरवायचा, एका पानाआड एक वेढा. सगळ्यांनी एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. दोन बायका दोन दिशांनी फिरवत गेल्या की पुढे सोडवताना भांडणं होतात, हे अनुभवाचं बोलणं. खोड दोरीला धरून ठेवणारी क्लिप वापरणार असाल तर ती पानाच्या देठाखाली बसवा, घोसाखाली नाही. क्लिपची बिजागरी दोरीला घट्ट चावली पाहिजे, नाहीतर क्लिप घसरते.

खरी कसोटी वेल खाली सोडताना. शेंडा तारेपासून हातभर राहिला की हे काम काढायचं, आणि दुपारनंतरच. सकाळी खोड पाण्यानं टरारलेलं असतं, काकडीचा शेंडा तर गाजरासारखा कट्कन मोडतो. आधी खालची पानं काढा. जखमा वाळू द्या, विशेषतः पावसाळ्यात, कारण आपल्याकडची जून ते सप्टेंबरची दमट हवा म्हणजे बुरशीला आवतण. मग दीड वीत दोरी सोडा आणि आकडी तारेवर तेवढीच पुढे सरकवा. ओळीतली सगळी झाडं एकाच बाजूला. एकदम दोन-तीन फूट सोडायचा मोह आवरा. शेंडा सावलीत जातो, फळ ओल्या मातीला टेकतं. उघडं खोड मातीवर न निजवता वाकवलेल्या तारेच्या बुटक्या घोड्यांवर ठेवा. ओळीच्या टोकाला खोड वळवायचं तिथं जाड गोल पाइप रोवा, खोड त्याला वळसा घेईल, चिमटणार नाही.

ढोबळी मिरची खाली सोडत नाहीत. तिच्या दोन फांद्या ठेवायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र दोरी. फांद्या फुटतात त्या बेचक्यात ती फार ठिसूळ असते, म्हणून दोरी ओढून ताणू नका.

पीक काढताना घाई नको. खोड बुडातून कापून वेल तीन-चार दिवस तसाच टांगता ठेवा. सुकून हलका होतो. मग दोरी वेगळी काढा, कारण प्लास्टिक शेणखताच्या ढिगात गेलं तर पुढची दोन वर्षं नांगराला गुंडाळत राहतं. आकड्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, वाळवून पोत्यात भरा. पोतं पत्र्याखाली टांगा, आमच्याकडे एकदा उंदरांनी आकड्यांवरची शिल्लक दोरी कुरतडली होती.