कलमात किमान शिक्षा आहे का, हे घरच्यांनी कसं बघायचं

मुंबईत सेशन्स कोर्टाच्या व्हरांड्यात हे नेहमी ऐकू येतं, "वकीलसाहेब, पहिलीच वेळ आहे त्याची, घरी लहान पोरं आहेत, जजसाहेब बघतील ना काहीतरी?" याचं उत्तर आधी कलमात शोधायचं, कारण काही कलमांत जजच्या हातात फारसं काही ठेवलेलंच नसतं.

सगळ्यात आधी एफआयआरची कॉपी घ्या आणि कलमं पोटकलमासकट लिहून काढा, नुसतं 'एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) लागलंय' म्हणून काही कळत नाही. मग गुन्ह्याची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुनी आयपीसी, त्या दिवसापासून पुढचा असेल तर भारतीय न्याय संहिता.

आता इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या साइटवर ते कलम उघडा. '३ वर्षांपर्यंत' लिहिलं असेल तर ती वरची मर्यादा, खाली जज मोकळे. '१० वर्षांपेक्षा कमी नाही' असं दिसलं तर ती किमान शिक्षा, गुन्हा शाबित झाला की कितीही रडलं तरी सहसा त्याच्या खाली येत नाहीत. एकाच कलमात दोन्ही असू शकतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा. न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ घ्या, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पण दुसऱ्यांदा दोषी ठरला की किमान १ वर्ष सक्तमजुरी. आणि त्याच्याच खालच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या ओळीत, आहे की माल ५००० रुपयांच्या आतला, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा.

संजय दत्तची केस आठवा. टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने २००७ मध्ये आर्म्स अॅक्टखाली, म्हणजे बेकायदा शस्त्रासाठी, ६ वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ५ केली, कारण त्या कलमात किमान ५ च होती.

म्हणूनच किमान शिक्षा असेल तर लढाई शिक्षेच्या दिवशी नाही, कुठलं कलम लागतं यावर लढायची, आणि तेही चार्ज फ्रेम व्हायच्या, म्हणजे कोर्ट आरोप निश्चित करायच्या, आधीपासून. गांजाचं बघा, १ किलोच्या आत १ वर्षापर्यंत, त्याच्या वर पण २० किलोपर्यंत १० वर्षांपर्यंत, आणि २० किलोच्या वर गेला की किमान १० वर्षं आणि किमान १ लाख दंड. थोड्या वजनावर माणसाचं आयुष्य फिरतं, तेव्हा पंचनाम्यातलं वजन नीट वाचा, गोणीसकट केलं का, सुटी पानं-बिया धरल्या का, कारण फुलांच्या शेंड्यांशिवायची पानं-बिया कायद्याच्या व्याख्येत गांजा नाहीत. हेरॉइनसारख्या पावडरीत भेसळ असेल तर मात्र ती वजनात धरली जाते, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे.

मला स्वतःला ही पद्धत खटकते, कारण शिक्षेचा निर्णय जजकडून सरकून कलम लावणाऱ्या पोलिसाकडे जातो. फाशीच्या बाबतीत कोर्टांनी ते मान्य केलं नाही. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, हे आयपीसी ३०३ सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये रद्द केलं, आणि एनडीपीएसमधली सक्तीची फाशी आपल्या मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये ऐच्छिक, म्हणजे जजच्या निर्णयावर, करून टाकली. वर्षांच्या किमान शिक्षेला ते संरक्षण मिळालेलं नाही.

वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. माणूस कोठडीत असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि पहिल्याच भेटीत त्याला विचारा, 'किमान आहे का, आणि ती कुठल्या गोष्टीवर लागलीय?'