स्पीकरची वायर बदलायच्या आधी

सोलापुरात नवी पेठेतल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात स्पीकरची वायर मागितली की काउंटरवरचा पोरगा विचारतो, ‘मालक, तेवीस-शहात्तर देऊ का चाळीस-शहात्तर?’ आणि मीटरवर मोजून कापून देतो. तीच वस्तू ऑनलाइन शोधली तर जाळीदार आवरणातली, सोनेरी टोकांची, अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा महाग वायर समोर येते. दोन्हींत आवाजाचा फरक पडतो का? ढिला जोड आणि फार बारीक वायर आवाज बिघडवतात, हे नक्की. पुरेशी जाड वायर घट्ट बसवली की त्यापुढे नावाला पैसे मोजून हाती काही लागत नाही. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी घरात काय आहे ते तपासायचं.

सुरुवात जोडांपासून करा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, प्लग काढा. आता प्रत्येक वायर टोकापाशी हलकेच ओढून पाहा. गेल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत माझा डावा स्पीकर मधूनच कुजबुजायला लागला. मी नवी वायर मागवायच्या बेतात होतो. मागं वाकून पाहिलं तर स्प्रिंगच्या क्लिपनं तांब्याऐवजी प्लॅस्टिकचं आवरण चावून धरलेलं, आणि एखाददुसरी तार कशीबशी टेकलेली. खर्च शून्य, मनस्ताप मात्र तीन आठवड्यांचा.

जुनी टोकं काळवंडली असतील तर घासत बसू नका. अर्धा इंच कापून टाका आणि एक सेंटिमीटरभर नवं तांबं उघडं करा. तारांना पीळ द्या, भोकात घाला, स्क्रू घट्ट आवळा. लाल खाचेतली एकही सुटी तार काळ्या खाचेला लागता कामा नये. त्या एका केसाएवढ्या तारेनं शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख देण्याची हौसही टाळा. डाखाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो आणि वर्षभरात जोड पुन्हा ढिला होतो.

मग उलटसुलट तपासा. एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलं तर एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो आणि ठेका विरून जातो. ‘बेस येत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा इथंच मिटते. एकाच माणसाचा आवाज असलेलं काहीतरी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकसारखं, लावा, बातम्याही चालतील. जोड बरोबर असेल तर आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतो. उलटा असेल तर खोलीभर पसरतो. खात्रीच करायची असेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा आणि त्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक लाल टोकाला लावल्यावर वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर आला पाहिजे.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर जाडीचा हिशेब करा. दुकानातलं ४०/७६ म्हणजे ४० तारा, प्रत्येकीची जाडी ०.००७६ इंच. सगळ्या मिळून सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर तांबं होतं. २३/७६ मध्ये ते ०.६७ भरतं, १४/७६ मध्ये जेमतेम ०.४१. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला ०.०१७२ ओहम असतो. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं. अंतर गुणिले दोन गुणिले ०.०१७२, भागिले जाडी. हा आकडा स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला तर आवाजाची घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी असते.

उदाहरण घ्या. टीव्हीशेजारचा स्पीकर, तीन मीटर वायर, २३/७६. रोध ०.१५ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे दोन टक्केही नाही, चारच्या स्पीकरलाही चालून जातं. पण मागचे सराउंड स्पीकर? वायर भिंतीकडेनं, दाराच्या चौकटीवरून फिरते आणि सहज दहा मीटर होते. तिथं २३/७६ चा रोध अर्ध्या ओहमवर जातो, म्हणजे आठ ओहमला सहा टक्के. ४०/७६ घेतली तर पावणेचार टक्के. स्पीकर चार ओहमचा असेल, जसे होम थिएटरच्या संचात बरेचदा असतात, तर सरळ अडीच एमएमची दोन-पदरी वायर घ्या. (दुकानात एमएम म्हणतात तेव्हा चौरस मिलिमीटरच समजायचं.) बारीक वायरीत आवाज नुसता कमी होत नाही. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे कुठले सूर जास्त दबतात, कुठले कमी, आणि तोल ढळतो.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात घेऊन पाहिला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. २० अंशांवरचा आकडा ४२ अंशांवर साडेआठ टक्क्यांनी चढतो. ०.२९ चं ०.३२ झालं. घाम आपल्यालाच फुटतो, वायरीला नाही.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्त वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. हातात घेतल्यावर हलकी लागते, आणि ब्लेडनं तार खरवडली की आत पांढरी निघते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून घ्यायचीच झाली तर एक माप वरची घ्या. बाहेर पांढरी पण आत तांबडी निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं; ते उत्तम.

बनाना प्लग, म्हणजे वायरीच्या टोकाला लावून भोकात नुसती खुपसायची पिन, सोयीचा आहे, वारंवार काढघाल करणाऱ्यानं जरूर लावावा. त्यानं आवाज गोड होत नाही. सोन्याच्या मुलाम्याचंही तसंच. सोन्यातून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही, पण सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो जास्त. सोलापुरात त्रास धुळीचा, त्याला दिवाळीच्या साफसफाईत एकदा जोड पुसून आवळले की झालं.

घूं असा सततचा आवाज येत असेल तर स्पीकरच्या वायरीला दोष देऊ नका. तो सहसा टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला नेणाऱ्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) वायरीतून किंवा अर्थिंगच्या घोळातून येतो. सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून पाहा. आवाज थांबला तर चोर सापडला.

एवढं करूनही महागड्या वायरीचा मोह सुटत नसेल तर परीक्षा घ्या, पण डोळे मिटून. घरातल्या कुणीतरी नाणं उडवून एक वायर जोडायची, तुम्ही ओळखायची. दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच वायर बदलायची, आणि व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. १० पैकी ९ बरोबर आले तर माना. नुसत्या अंदाजानं तेवढे यायची शक्यता एक टक्का. मेहुण्यांनी आमच्याकडे हा खेळ केला. पाच बरोबर, पाच चूक. त्यानंतर ते चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत.

वाचलेले पैसे खोलीवर घाला. शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, उघड्या खिडक्या. अशा हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती खणखणत राहते, आणि गाण्यातले शब्दही तसेच एकमेकांत मिसळतात. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी टाका. समोरच्या भिंतीवर चादर लावायची तर ताणून ठोकू नका, दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटं सुटी टांगा. ती वरचे कर्कश सूर शोषते, ढोलाची घुमी नाही. घुमीसाठी स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर ओढा. आता पुन्हा टाळी वाजवून पाहा.