कारखान्यातला कोणता प्रश्न संचालकांच्या टेबलावर जातो

अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाची पदवी घेऊन कारखान्यात रुजू होणाऱ्या मुलामुलींची पहिल्या वर्षात हमखास एक तक्रार असते. आपण मांडलेल्या महत्त्वाच्या प्रश्नाकडे वरिष्ठ ढुंकूनही पाहत नाहीत आणि किरकोळ वाटणाऱ्या एखाद्या बाबीवर मात्र तासभर बसतात, असे त्यांचे म्हणणे असते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत, व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयात, माझी नोकरी सुरू झाली. सकाळच्या बैठकीची टिपणे काढणे हे माझे काम असल्यामुळे संचालकांनी कोणता प्रश्न स्वतःकडे घेतला, कोणता परत पाठवला आणि कोणता नुसता ऐकून सोडून दिला, हे काही वर्षे जवळून पाहता आले. प्रश्नाच्या आकारापेक्षा ते दोन गोष्टी अधिक तपासत असत: तो सोडवण्याचा अधिकार खाली कोणाकडे आहे का, आणि उशीर झाला तर नुकसान भरून काढता येईल का.

बैठकीत सर्वांत मोठा आवाज असे तो ग्राहकाची लाइन थांबण्याच्या भीतीचा. वाहन कंपन्या सुट्या भागांचा साठा फार थोडा ठेवतात. त्यामुळे आपला माल वेळेवर पोहोचला नाही तर त्यांची जुळणी अडते आणि फोनवर फोन सुरू होतात. याहून तातडीचे काही असूच शकत नाही, असे नव्या माणसाला वाटते आणि ते खरेही आहे. तरीही आमचे संचालक अशा वेळी बहुधा एवढेच विचारत, की यासाठी माझ्याकडून काही लागणार आहे का. जादा शिफ्ट लावणे, वेगळी गाडी करून माल पाठवणे, दुसऱ्या मशीनवर सेटअप बदलणे हे सगळे प्लँट हेडच्या, म्हणजे कारखाना प्रमुखाच्या, अधिकारात होते. त्याच भागाची ओरड महिन्यामागून महिने होऊ लागली, की मात्र ते विषय हातात घेत. कारण तोवर नवे मशीन घ्यायचे, काम बाहेर द्यायचे की ग्राहकाला वाढीव मागणीस नकार द्यायचा, असा निर्णय पुढे उभा राहिलेला असे आणि तो प्लँट हेडला घेता येत नव्हता.

गुणवत्तेच्या प्रश्नांत निवड आणखी सूक्ष्म होते. एखाद्या प्रक्रियेत काय बिघडू शकते आणि त्याचा परिणाम काय होईल, याचे आगाऊ विश्लेषण वाहन उद्योगात एफएमईए या पद्धतीने करतात. परिणामाची तीव्रता, दोषाची वारंवारता आणि तो तपासणीतून निसटण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि आकडा मोठा असेल तो प्रश्न आधी घ्यायचा, अशी रीत अनेक वर्षे होती. तिचा दोष साध्या हिशेबात दिसतो. ब्रेकच्या भागातील भेगेला तीव्रता १०, वारंवारता २ आणि निसटण्याची शक्यता ४ दिली, तर गुणाकार ८० येतो. दिसण्यापुरत्या ओरखड्याला ५, ५ आणि ४ दिले, तर तो १०० येतो, म्हणजे ओरखडा वरच्या क्रमांकावर जातो. अमेरिकेतील एआयएजी आणि जर्मनीतील व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी २०१९ मध्ये काढलेल्या संयुक्त मार्गदर्शिकेत हा गुणाकार बाजूला ठेवून तीव्रतेला आधी वजन देणारी प्राधान्यक्रमाची पद्धत आणली. आमचे संचालक त्याआधीपासून असेच वागत. रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, आलेखातला सर्वांत उंच स्तंभ ते गुणवत्ता विभागाकडे सोपवत आणि सुरक्षेशी संबंधित भागातील एकुलत्या एका दोषाचा अहवाल स्वतः वाचत. मला त्यांचा हा आग्रह पूर्णपणे पटतो.

आवाज न करणारे प्रश्न ओळखणे हे याहून अवघड काम आहे. वाहनांच्या धुराच्या प्रदूषणाचे निकष बीएस-४ वरून थेट बीएस-६ कडे नेण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२० होती. आमचे काही भाग दुचाकींच्या कार्ब्युरेटरसाठी, म्हणजे इंजिनाला इंधन-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागासाठी, जात आणि नव्या निकषांमुळे बहुतेक दुचाकी इंधन इंजेक्शनकडे वळणार, हे उघड होते. पण ऑर्डर भरलेल्या होत्या, मशीन रिकामी नव्हती, त्यामुळे बैठकीत हा विषय कोणी काढण्याचे कारणच नव्हते. तो संचालकांनी स्वतः काढला आणि दर महिन्याला त्यासाठी वेळ राखून ठेवला; कारण नव्या भागाचा नमुना, चाचण्या आणि ग्राहकाची मंजुरी यांत बराच काळ जातो आणि ऑर्डर घटू लागल्यावर तो काळ विकत मिळत नाही.

दोन विभागांच्या मधल्या जागेत पडलेले प्रश्न हा आणखी एक प्रकार, आणि नवख्या माणसाला खरे काम करून दाखवण्याची संधी येथेच असते. खरेदी विभागाने स्वस्त इन्सर्ट, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी पाती, आणले आणि वर्षाचे बचतीचे उद्दिष्ट गाठले. पण उत्पादन विभागात ते लवकर झिजू लागले, बदलण्यासाठी मशीन वारंवार थांबू लागले आणि एका नगामागचा खर्च वाढला. खरेदीच्या कागदावर बचत होती, उत्पादनाच्या कागदावर मशीन थांबल्याची नोंद होती आणि दोन्ही विभागप्रमुख आपापल्या जागी बरोबर होते. अशा प्रश्नाला खाली मालक नसतो. संचालकांनी इन्सर्टच्या दराऐवजी नगामागचा खर्च हेच दोन्ही विभागांचे माप ठरवले, तेव्हा भांडण मिटले.

येणी आणि देणी यांचेही असेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच करपात्र उत्पन्नातून वजा होतो. आमच्यासारख्या मध्यम कंपनीला स्वतःच्या येण्यांसाठी हे संरक्षण नाही. म्हणजे बडा ग्राहक उशिरा पैसे देतो आणि लहान पुरवठादाराला मात्र वेळेवर द्यावे लागतात. लेखा विभाग स्मरणपत्रे पाठवू शकतो. ग्राहकाशी असलेले नाते किती ताणायचे, हे त्याने ठरवायचे नसते.

अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे पॉल ओनील यांनी १९८७ मध्ये घेतली आणि नफ्याआधी कामगारांची सुरक्षितता हा आपला पहिला विषय असल्याचे जाहीर केले, तेव्हा गुंतवणूकदार चक्रावले होते. मला त्या निवडीत एक व्यावहारिक शहाणपण दिसते. अपघात का झाला हे शोधताना यंत्राची देखभाल, प्रशिक्षण, कामाची पद्धत आणि खालची माहिती वर किती लवकर पोहोचते, हे सगळेच तपासावे लागते, म्हणून एका विषयाचा पाठपुरावा केला की बाकीचे आपोआप उघडे पडतात. आपल्याकडे सुरक्षितता बहुधा फलकावरच राहते, हा भाग वेगळा.

तेव्हा वरिष्ठांकडे प्रश्न नेण्यापूर्वी एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात: नेमका कोणता निर्णय हवा आहे, तो खाली का होत नाही, कोणत्या तारखेनंतर पर्याय उरणार नाहीत आणि काहीच केले नाही तर किती रुपये किंवा कोणता ग्राहक जाईल. दुसऱ्या ओळीत लिहिण्यासारखे काही सापडले नाही, तर ते पान संबंधित विभागप्रमुखाकडे न्यावे. तेथे ते बहुधा त्याच दिवशी मार्गी लागते. आणि संचालकांनी पान परत दिले, तर कारण विचारण्यास संकोच करू नये. आमच्याकडे परत आलेल्या पानांवर बहुतेक वेळा एकच शेरा असे, की यासाठी अमुक व्यक्तीला अधिकार दिलेले आहेत, आणि ते त्या व्यक्तीलाही अनेकदा ठाऊक नसत.