सहीचा साठा कसा जपावा

इलेक्ट्रॉनिक पॅडवरची सही सभासदाचीच आहे का हे यंत्राने ओळखायचं, तर तुलनेसाठी त्याच्या सह्या साठवाव्या लागतात. "त्या पासवर्डसारख्या हॅश करून (उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक आकड्यात बदलून) ठेवा" असं कोणी सांगितलं तर त्याला तिथेच थांबवा. पासवर्ड दर वेळी जसाच्या तसा येतो, सही नाही. एकाच माणसाच्या लागोपाठ दोन सह्यांचे हॅश एकमेकांचे लांबचे नातेवाईकही वाटत नाहीत. तुलना कशाची करणार?

डिस्कवर एईएस-२५६, वाटेत टीएलएस, म्हणजे दोन्हीकडे डेटा एन्क्रिप्ट करून कुलूपबंद. हे असतंच, पुढे चला.

पण जुळणी करताना एन्क्रिप्ट केलेला साचा (तुलनेसाठी ठेवलेली सहीची नोंद) उलगडावा लागतो, म्हणून साचाच बदलून साठवायचा. पॅडवरच्या सहीतून एक्स, वाय, दाब आणि वेळ यांच्या मालिका मिळतात. प्रत्येक सभासदाची वेगळी किल्ली ठरवा. किल्ली सांगेल तिथे मालिका कापा, तुकड्यांचं आपसांत कन्व्हॉल्यूशन करा (एक तुकडा दुसऱ्यावरून सरकवत गुणाकारांच्या बेरजा घ्या), आणि फक्त निकाल ठेवा. याला बायोकन्व्हॉल्व्हिंग म्हणतात. निकालावरून मूळ तुकडे वेगळे काढणं महाकठीण. साचा चोरीला गेला तर किल्ली बदलून नवी सही घ्यायची. बायोमेट्रिक माहिती जपण्याचं आयएसओ/आयईसी २४७४५ हे मानक हीच सोय मागतं.

इथेच मी आपटलो. नाशिकच्या एका पतसंस्थेत मी काप मिलिसेकंदांत मोजून घातले. ऑफिसातल्या पोरांवर चाचणी केली, झकास चाललं. मग द्राक्षकाढणीच्या दिवसांत दिंडोरीकडचे एक काका आले, अंगठ्याला चिकटपट्टी. सही त्यांचीच, पण सावकाश, त्यामुळे आडनावात पडायचा काप नावातच पडला. यंत्राने तीनदा नाकारली. "अहो, चाळीस वर्षं हीच सही करतोय," काका म्हणाले, आणि मी पॅडची वायर तपासत बसलो! तेव्हा काप एकूण लांबीच्या टक्क्यांतच घाला. दोन काप अगदी जवळ येऊ देऊ नका. नोंदणीच्या सह्या एका बैठकीत उरकू नका.

किल्ली साच्याशेजारी त्याच डेटाबेसात ठेवलीत तर सगळं मुसळ केरात.

जुळणीचे गुण बाहेर दाखवू नका, फक्त होय किंवा नाही. गुण दिसले की सही थोडी थोडी बदलत कुणीही वर चढत जातो.

मूळ सह्या पुसा, बॅकअपमधल्यासुद्धा. "पुढे लागतील" ऐकू नका. मग काउंटरच्या पीसीवर जाऊन बसा आणि नमुना सह्यांचे स्कॅन शोधा. आमच्याकडे ते डेस्कटॉपवर होते, ताळेबंदाच्या फाइलशेजारी, विनापासवर्ड.