स्पॅमडीला नकार मिळाला की आधी लेबल बघा

सकाळी सव्वानऊला इचलकरंजीहून आमच्या पोराचा फोन. "मॅडम, स्पॅमडी चालूय, पोर्ट उघडाय, तरी सगळा कचरा इनबॉक्सात पडायलाय."

स्पॅमडी म्हणजे स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅमची मागं सतत चालणारी सेवा. आदल्या रात्री एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर सेंटओएस ७ वरून रॉकी ९ वर (दोन्ही लिनक्सच) हलवला होता. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ लाच संपलेला, पण "चालतंय की" म्हणत गाडं ढकललं जात होतं. मी कोल्हापुरात, पोरगा तिथं सर्व्हरसमोर. फोनवर त्याला जे सांगितलं तेच खाली लिहितेय, म्हणून कमांडही कानाला ऐकू येतात तशाच आहेत.

पहिला प्रश्न: चाचणी केली का? "केली की. जीट्यूब पाठवला, हजार गुण पडले." इथंच फसगत होते. जीट्यूब ही स्पॅमअसॅसिनची ठरलेली चाचणी-ओळ. ती मेलमध्ये असली की त्या एकाच नियमाचे १००० गुण पडतात, पण त्यासाठी बेझ डेटाबेस, म्हणजे आधीच्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकलेली नोंद, लागतच नाही. म्हणून खऱ्या स्पॅमचं हेडर उघडायला लावलं. एक्स-स्पॅम-स्टेटसच्या ओळीत नियमांची नावं होती, पण बेझचं एकही नव्हतं. बेझ_९९ चे मूळ सेटिंगमध्ये साडेतीन गुण असतात आणि हद्द पाचाची. हे साडेतीन गेले की कितीतरी मेल पाचाच्या खाली राहून आत येतात.

मेल लॉगमध्ये कारण लिहिलेलंच होतं: बेझचा डेटाबेस उघडता येत नाही, परमिशन डिनाइड. ते वाचून पोरानं चमॉड ७७७ मारून, म्हणजे फाइली सगळ्यांना मोकळ्या करून ठेवलेल्या! आधी ते काढायला लावलं.

पतसंस्थेतल्याच लोकांना समजावं म्हणून मी लॉकरचं उदाहरण देते. एक किल्ली ग्राहकाची, एक संस्थेची, आणि दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. चमॉड-चओन ही मालकाची किल्ली. दुसरी किल्ली एसईलिनक्सची. ही कर्नलमधली राखण प्रत्येक फाइलीला आणि प्रोसेसला लेबल लावते, आणि कुठल्या लेबलनं कशाला हात लावायचा हे तिची पॉलिसी ठरवते. तिच्यापुढं फाइलचा मालक काय, रूट काय, कुणाचं चालत नाही. कर्नल आधी पहिली किल्ली तपासतो, मग दुसरी. त्यामुळे ऑडिट लॉगमध्ये फाइलबद्दल एव्हीसीची, म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराची ओळ दिसली, तर पहिली किल्ली लागलेली आहे हे नक्की. तिथं चमॉड करत बसणं वाया.

आता पीएस हायफन ई कॅपिटल झेड. स्पॅमडीच्या ओळीत स्पॅमडी_टी दिसायला हवं. दिसलं. म्हणजे प्रोसेस योग्य डोमेनमध्ये आहे (प्रोसेसच्या लेबलला डोमेन म्हणतात). मग ऑसर्च, हायफन एम एव्हीसी, हायफन टीएस रीसेंट. सगळी ओळ वाचू नका, चारच गोष्टी बघा: काय नाकारलं, एसकॉन्टेक्स्टमध्ये कोण, टीकॉन्टेक्स्टमध्ये कशावर, आणि टीक्लास म्हणजे ती वस्तू कसली. आमच्या ओळीत नाकारलेलं होतं रीड, मागणारा स्पॅमडी_टी, वस्तू अॅडमिन_होम_टी, क्लास फाइल, आणि नाव बेझ_टोक्स.

अॅडमिन_होम_टी हे रूटच्या घरातल्या फाइलींचं लेबल. ते /व्हार/लिब/स्पॅमअसॅसिनमध्ये कसं आलं? "काल जुन्या डेटाबेसचा टारबॉल कुठं सोडलास?" "रूटच्या होममध्ये. मग एमव्ही केलं." सापडलं. एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन जातं, सीपी नव्या जागेचं लेबल लावतं. लेकीबाळी सासरी गेल्या तरी ओठांवर माहेरची बोली असते, तसंच एमव्हीचं. खरं तर सा-लर्नचं (स्पॅमअसॅसिनच्या शिकवणीच्या कमांडचं) बॅकअप आणि रिस्टोअर वापरलं असतं तर डेटाबेस जागेवरच नव्यानं तयार झाला असता आणि हा प्रश्न आलाच नसता.

उपाय एका ओळीचा: रिस्टोअरकॉन, हायफन कॅपिटल आर स्मॉल व्ही, पुढं /व्हार/लिब/स्पॅमअसॅसिन. फाइलींवर स्पॅमडी_व्हार_लिब_टी आलं, स्पॅमडी रीस्टार्ट केला, आणि पुढच्या स्पॅममध्ये बेझ_९९ हजर. डेटाबेस वेगळ्या डिस्कवर, समजा /डेटा/बेझमध्ये ठेवला असेल, तर नुसतं रिस्टोअरकॉन पुरत नाही. त्या जागेचं लेबल काय हवं हे पॉलिसीला ठाऊकच नसतं. आधी सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट हायफन ए हायफन टी देऊन त्या जागेचं लेबल नोंदवायचं, मग रिस्टोअरकॉन. चकॉननं हातानं लावलेलं लेबल पुढच्या रीलेबलला पुसलं जातं, म्हणून ते मी वापरत नाही.

इंटरनेटवर मात्र पहिला सल्ला मिळतो ऑडिट-टू-अलाऊचा, म्हणजे नकारावरून परवानगीचा नियम बनवणाऱ्या कमांडचा. नकाराची ओळ त्यात घाला, मॉड्यूल तयार, सेमॉड्यूलनं बसवा, झालं. आमच्या बाबतीत त्यानं काय दिलं असतं? स्पॅमडी_टीला अॅडमिन_होम_टीच्या फाइली वाचायची मुभा. म्हणजे रूटच्या घरात जे जे त्या लेबलचं पडलंय ते सगळं. आणि हा प्रोग्रॅम दिवसभर करतो काय, तर अनोळखी माणसांनी पाठवलेले मेल उघडून चिरफाड करतो. उद्या त्यात छिद्र सापडलं तर आपणच दार उघडून ठेवलेलं. ऑडिट-टू-व्हाय मी जरूर चालवते, ते कारण सांगतं. अलाऊ मात्र लेबल, बूलियन आणि पोर्ट ही तीन दारं ठोठावून झाल्यावरच.

बूलियन म्हणजे पॉलिसीतली चालू-बंद बटणं. त्यांपैकी स्पॅमडी_एनेबल_होम_डिर्स बघाच. आमचा डेटाबेस एका जागी असल्यानं स्पॅमडीला लोकांच्या घरात शिरायचं कारण नाही, म्हणून सेटसेबूल हायफन कॅपिटल पीनं ते बंद केलं. पोर्टचं सोपं आहे: स्पॅमडीचा ठरलेला पोर्ट ७८३. बदलला असेल तर सेमॅनेज पोर्टनं नव्या आकड्याला स्पॅमडी_पोर्ट_टी लावायचं.

तरी काही कळेना आणि नकाराची ओळही दिसेना, तर सेमॉड्यूल हायफन कॅपिटल डी कॅपिटल बी. काही नकार मुद्दाम गप्प ठेवलेले असतात, ते त्यानं बोलके होतात. काम झालं की सेमॉड्यूल हायफन कॅपिटल बी, नाहीतर लॉग भरून वाहतो. सेटएनफोर्स शून्य करू नका, त्यानं सगळ्या सर्व्हरची अडवणूक थांबते. शंका एकाच डोमेनवर असेल तर सेमॅनेज परमिसिव्ह हायफन ए स्पॅमडी_टी. त्यानं तेवढ्या डोमेनचे नकार नुसते नोंदले जातात, अडवलं जात नाही, आणि बाकी सर्व्हर बंदिस्तच राहतो.

या पतसंस्थेत एक घरचं फिल्टरही आहे: बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये खाते क्रमांकांची यादी दिसली तर मेल थांबवणारं, पायथनमधलं छोटं मिल्टर (मेल सर्व्हरला सॉकेटनं जोडलेलं फिल्टर). नाव 'खाते'. पीएसमध्ये ते अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी दिसलं. म्हणजे त्याला कुंपणच नाही, आणि म्हणूनच त्याचा कधी नकार दिसला नव्हता!

त्याला पॉलिसी लिहायची तर मूळ पॉलिसीत मिल्टर_टेम्प्लेट नावाचा मॅक्रो, म्हणजे नियमांचा तयार गठ्ठा आहे, तो वापरा. टीई फाइलमध्ये (इथं नियम लिहितात) मॉड्यूलचं नाव, मिल्टर_टेम्प्लेट कंसात खाते, आणि खाली परमिसिव्ह खाते_मिल्टर_टी. एवढ्यावर डोमेन, प्रोग्रॅमचं एक्झेक लेबल आणि सॉकेटचं डेटा लेबल तयार होतं, आणि पोस्टफिक्सला (मेल सर्व्हरचा मुख्य प्रोग्रॅम) त्या सॉकेटशी बोलायची परवानगी आयती मिळते. एफसी फाइलमध्ये (कुठल्या जागेला कुठलं लेबल) दोन ओळी: स्क्रिप्टला एक्झेकचं लेबल, /रनमधल्या सॉकेटच्या फोल्डरला डेटाचं. सेलिनक्स-पॉलिसी-डेव्हल पॅकेजमधल्या मेकफाइलनं बांधा, सेमॉड्यूल हायफन आयनं बसवा, दोन्ही जागी रिस्टोअरकॉन, रीस्टार्ट.

आणि तरीही पीएसमध्ये अनकन्फाइन्ड. यात माझे दोन तास गेले. सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये एक्झेकस्टार्ट असं होतं: आधी पायथन३ चा पूर्ण पाथ, मग स्क्रिप्ट. मग कर्नलच्या दृष्टीनं चालवलेली फाइल पायथन, तिचं लेबल बिन_टी, आणि डोमेन बदलायचं कारणच नाही. एक्झेकस्टार्टला थेट स्क्रिप्ट दिली, तिच्या पहिल्या ओळीत पायथनचा पाथ होताच, आणि खाते_मिल्टर_टी दिसलं.

ते परमिसिव्ह मी पंधरा दिवस ठेवलं, मधे महिनाअखेर येईल असं बघून, कारण व्याजाचे तक्ते तेव्हाच जातात. जे नकार जमले त्यातले बिन_टी चालवणं आणि /इटीसीमधली सेटिंग वाचणं हे रास्त होते, त्यांचे मॅक्रो घातले. एक नकार होता /टीएमपीत लिहिण्याचा. तो पॉलिसीत नाही, स्क्रिप्टमध्ये दुरुस्त केला: अटॅचमेंट डिस्कवर उतरवायची गरजच नव्हती. मग परमिसिव्हची ओळ काढून मॉड्यूल पुन्हा बांधलं. पोराला म्हटलं, सेमॅनेज परमिसिव्ह हायफन एल चालव आणि काय दिसतंय ते वाच. "स्पॅमडी_टी हाय, मॅडम."

पहिल्या दिवशी त्यानंच लावलं होतं. ते काढायला हायफन डी सांगून फोन ठेवला.