आई-बाबांना घेऊन गांगवोनला जायचंय? मग असं जा

सोलला आलेली आपली मंडळी राजवाडे बघतात, नामसानच्या टॉवरवर चढतात, म्योंगदोंगला खरेदी करतात आणि परत जातात. कोरियाचा डोंगर मात्र राहून जातो. मी सुवॉनला नोकरी करते आणि घरून कुणी आलं की त्यांना गांगवोन प्रांतात फिरवून आणणं हे माझं ठरलेलं काम. सासूबाई पक्क्या शाकाहारी, सासऱ्यांचे गुडघे कुरकुरणारे. तेव्हा इथे लिहिलंय ते धावत शिखर गाठणाऱ्यांसाठी नाही. ज्येष्ठांसोबत, डबा सांभाळत जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी नकाशा समजून घ्या, निम्मं नियोजन तिथेच होतं. तेबेक पर्वतरांग समुद्राला लगटून उभी आहे. पूर्वेकडे डोंगर एकदम खाली उतरतो, पश्चिमेकडे लांबवर पसरत जातो. पूर्वेची बाजू योंगदोंग, पश्चिमेची योंगसो. आपण घाटावर आणि कोकणात म्हणतो ना, तसंच, फक्त समुद्र उलट्या दिशेला. दोन्हीकडची हवा वेगळी, जेवणही वेगळं. एकीकडे धो-धो पाऊस आणि बोगदा ओलांडला की लख्ख ऊन, हे नेहमीचंच. म्हणून माझा नियम असा की एका दिवसात डोंगराची एकच बाजू. दोन रात्री समुद्रकाठच्या सोकचोला, मग दोन रात्री त्याच किनाऱ्यावरच्या गांगनुंगला किंवा डोंगरापलीकडच्या जिनबुला. एका दिवसात सगळं दाखवणाऱ्या टूरमध्ये माणूस बसमध्येच बसून राहतो.

सोकचोला अजून रेल्वे पोचलेली नाही. सोलच्या गांगनाम किंवा दोंगसोल टर्मिनलवरून बस घ्या, रस्ता मोकळा असेल तर अडीच तास. वाटेत जवळजवळ अकरा किलोमीटरचा इंजे-यांगयांग बोगदा लागतो. गुगल मॅप्स इथे चालायचा रस्ता धड सांगत नाही, त्यामुळे नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच फोनमध्ये घाला. बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड सोलमध्येच भरून घ्या, गावातल्या बसलाही तेच चालतं.

कधी जायचं? पानं रंगतात तो काळ सर्वात देखणा. शिखरांवर सप्टेंबरअखेर सुरुवात होते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर रंग दरीत उतरतो. त्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, नाहीतर उद्यानाच्या फाटकाआधीच गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. वसंतात आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाभर वणव्याच्या भीतीने उंचावरच्या बऱ्याच वाटा बंद असतात, निघण्याआधी राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. ही भीती पोकळ नाही. वसंतात डोंगरावरून समुद्राकडे कोरडा सोसाट्याचा वारा सुटतो. 2005 च्या एप्रिलमध्ये त्या वाऱ्यावर आलेल्या आगीत समुद्रकाठचं नाकसानसा मंदिर जवळजवळ सगळं जळालं आणि 1469 सालची तिथली घंटा वितळून गेली. आता मंदिर पुन्हा बांधलंय. सोकचोहून गांगनुंगला जाताना तासभर तिथे उतरा. कड्यावर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली अवलोकितेश्वराची मूर्ती बघण्यासारखी आहे.

सोराकसान या डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानाला सोकचोहून 7 किंवा 7-1 नंबरची बस जाते. सकाळी आठच्या आत पोचा आणि आधी केबल कारची खिडकी गाठा, कारण तिकीट त्याच दिवशी, तिथेच मिळतं. जोराचा वारा असेल तर पाळणा बंद. वर ग्वोनगुमसोंग नावाच्या जुन्या किल्ल्याची जागा आहे, पण तटबंदी शोधू नका, उघडा कातळ आणि वाराच आहे. स्टेशनपासून थोडं चढावं लागतं. गुडघ्यांना नको असेल तर स्टेशनच्या गच्चीवरूनही दरी छान दिसते.

खाली आलात की सिनहुंगसा मंदिर आणि वाटेतली 14.6 मीटर उंचीची काशाची बुद्धमूर्ती. दोन कोरिया एक व्हावेत या इच्छेने ती उभारलेली आहे. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. ज्येष्ठांसाठी बिसोनदे. ओढ्याच्या काठाने साधारण तीन किलोमीटर, चढ नावालाच, शेवटी पाण्यालगत मोठाले गुळगुळीत कातळ. ज्यांच्यात दम आहे त्यांनी उलसानबावी करावं. जाऊन-येऊन चार तास धरा, शेवटचा टप्पा म्हणजे कड्याला ठोकलेल्या जिन्यांची न संपणारी माळ. गोष्ट अशी सांगतात की हा कडा दक्षिणेतल्या उलसानहून उत्तरेतल्या गुमगांगसान डोंगराच्या शिखरांत सामील व्हायला निघाला, पण पोचायला उशीर झाला म्हणून इथेच बसला.

या वाटेवर जिने सुरू व्हायच्या आधी हुंदुलबावी लागतो. भलामोठा धोंडा, एकट्या माणसाने जोर लावला तरी किंचित हलतो, पण गडगडत नाही. सासरे गुडघ्याला पट्टा बांधून इथवर आले, धोंडा ढकलून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या साताऱ्याकडे असता तर आत्तापर्यंत याला शेंदूर लागला असता."

संध्याकाळी सोकचोत आबाई गावाला जा. कोरियन युद्धात उत्तरेतल्या हामग्योंग प्रांतातून पळून आलेले लोक लवकरच घरी परतू म्हणून या वाळूवर खोपटी बांधून राहिले आणि कायमचे राहिले. पलीकडे जायला लोखंडी तारेला आकडा अडकवून हाताने ओढायचा तराफा आहे. प्रवाशांनीही ओढायचा असतो, सासूबाईंनी पदर खोचून ओढला. खाण्याच्या बाबतीत मात्र इथे शाकाहाऱ्यांना फारसा वाव नाही, गावाचं नाव माकुळात सारण भरून केलेल्या सुंदेसाठी आहे.

पानातलं सांगते, कारण खरी पंचाईत तिथेच होते. "गोगी, सेंगसोन, हेमुल प्पे जुसेयो" हे वाक्य पाठ करा: मांस, मासे, समुद्रातलं काही घालू नका. तरीही रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशांच्या पाण्यात असतो, म्हणून रस्स्याचे पदार्थ सोडाच. गांगवोन हा बटाट्याचा आणि कुट्टूचा मुलूख. गामजाजोन म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ, ते बिनधास्त मागवा. जोंगसोनकडे जाणार असाल तर गोंदुरे नावाची रानभाजी घालून शिजवलेला भात खा, सोबतचं पेरिलाचं तेल आणि सोया सॉस आपल्या हाताने कालवायचा. तिथला दर पाच दिवसांचा बाजार 2 आणि 7 ने संपणाऱ्या तारखांना भरतो. गांगनुंगच्या छोदांग भागात समुद्राच्या पाण्याने विरजवलेला मऊ टोफू मिळतो. पांढरा, साधा मागवा, लाल रश्श्यातला नको.

आता डोंगराची दुसरी बाजू, ओदेसान हा डोंगर आणि त्यातली मंदिरं. एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी सोराकसान सोडून इथे येईन. सोलहून जिनबुला थेट केटीएक्स ही वेगवान रेल्वे आहे, तिथून वोलजोंगसा आणि पुढे सांगवोनसा या मंदिरांपर्यंत लोकल बस जाते. फेऱ्या मोजक्या, परतीची वेळ थांब्यावरच फोटो काढून ठेवा. वोलजोंगसाच्या फाटकापासून सुमारे किलोमीटरभर फरच्या उंच झाडांतून मातीची सपाट वाट आहे, लोक चपला हातात घेऊन चालतात. मंदिर 643 सालचं मानतात, पण इमारती नव्या, कारण 1951 च्या जानेवारीत दक्षिणेच्याच सैन्याने ते जाळलं, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून. अंगणातला अष्टकोनी नऊमजली दगडी मनोरा तेवढा वाचला.

वरचं सांगवोनसा मात्र शाबूत आहे. सैनिक आले तेव्हा वृद्ध भिक्षू हानाम चीवर नेसून सभागृहात बसले आणि म्हणाले, आता पेटवा. अधिकाऱ्याने नुसती दारं काढून जाळली, धूर दाखवला आणि निघून गेला, असं सांगतात. इथली 725 सालची घंटा कोरियातली सर्वात जुनी. काचेआड आहे, पण जवळ जाऊन बघा: ढगांवर बसून वाद्य वाजवणाऱ्या अप्सरा, त्यांची उडणारी वस्त्रं, आणि वरच्या चौकटींत ओळीने छोटी बोंडं. छत्तीसपैकी एक बोंड गायब आहे. आन्दोंगहून आणताना घंटा खिंडीत अडून बसली, मग एक बोंड तोडून माघारी धाडलं तेव्हा कुठे हलली, अशी कथा. पायऱ्यांजवळ दगडी मांजरांची जोडीही आहे. राजा सेजोला मारेकऱ्यापासून वाचवणाऱ्या मांजराची ती आठवण.

जमलं तर वोलजोंगसाला टेंपलस्टे, म्हणजे मंदिरातला मुक्काम, घ्या, आधी ऑनलाइन नोंदणी लागते. पहाटेच उठवतात आणि जमिनीवर झोपायचं असतं, हे ज्येष्ठांना आधीच सांगा. जेवण अस्सल शाकाहारी, कांदा-लसणाशिवाय. त्यांच्या वर्ज्य पाच पदार्थांत हिंगही येतो, हे ऐकून सासूबाई थोड्या खट्टू झाल्या.

गांगनुंगला अर्धा दिवस पुरतो. ओजुकहोन हे काळ्या बांबूंच्या बनातलं जुनं घर बघा. इथे जन्मलेला विद्वान यी ई पाच हजार वॉनच्या नोटेवर आहे आणि त्याची आई शिन सैमदांग पन्नास हजारच्या. नोटा खिशात ठेवूनच जा, ज्येष्ठांना ताडून बघायला आवडतं. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पंचमीच्या आसपास असाल तर दानोजे जत्रा चुकवू नका. नामी बेट या फेरीत नको, ते सोलच्या बाजूला आहे.

परतीचं गांगनुंग-सोल तिकीट महिनाभर आधी खुलं होतं, रविवार संध्याकाळचं त्याच दिवशी काढून टाका.