मॅक्सवेल-बोल्ट्झमनची गणितं: या चुका टाळा

वायूतले असंख्य कण वेगवेगळ्या अवस्थांत आणि वेगांत कसे वाटले जातात, ते मॅक्सवेल-बोल्ट्झमनच्या प्रकरणात शिकतात. शिवाजी विद्यापीठाच्या बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या मुलांना या प्रकरणातली सूत्रं पाठ असतात. गाडी अडते ती मोजणीत. दोन कण, तीन अवस्था, तर मायक्रोस्टेट, म्हणजे कण अवस्थांत मांडण्याच्या वेगवेगळ्या रचना, किती? पटकन सहा लिहिलं जातं. अभिजात (क्लासिकल) कणांसाठी उत्तर नऊ आहे: पहिल्याला तीन जागा, दुसऱ्यालाही तीन, आणि दोघं एकाच अवस्थेत असले तरी चालतं. सहा हे बोस-आइनस्टाइनचं उत्तर (कण ओळखू न येणारे, एका अवस्थेत कितीही), तीन फर्मी-डिरॅकचं (ओळखू न येणारे, एका अवस्थेत एकच). अभिजात कण ओळखू येतात, म्हणून त्यांना अ आणि ब म्हणा आणि सगळ्या रचना एकदा तरी हाताने लिहून काढा. त्याला पर्याय नाही.

एन्ट्रॉपी (मायक्रोस्टेटच्या संख्येवरून निघणारं अव्यवस्थेचं माप) काढताना मात्र कण ओळखू येतात हेच गृहीतक नडतं. पेटीतला पडदा काढला, दोन्ही बाजूंना एकाच दाबाचा, एकाच तापमानाचा तोच वायू. तरी सूत्र एन्ट्रॉपी वाढलेली दाखवतं. हा गिब्जचा विरोधाभास. इथे मायक्रोस्टेटच्या संख्येला कणसंख्येच्या फॅक्टोरियलने भागायचं राहिलेलं असतं.

वेगाच्या गणितात उत्तरच चूक सांगतं. ३०० केल्विनला नायट्रोजनच्या रेणूंचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) सेकंदाला सुमारे ५१७ मीटर येतो. तुमचा १६ आला? रेणुभार ग्रॅममध्येच राहिलाय. १५५ आला? २७ अंश सेल्सिअस तसेच घातलेत. हवेत आवाजच सेकंदाला साधारण ३४७ मीटरने जातो. रेणूंचा आरएमएस वेग त्याहून कमी निघाला तर तिथेच थांबा. सरासरी वेग ४७६ आणि सर्वाधिक संभाव्य वेग ४२२, हे तिन्ही वेगळे. प्रश्नात कोणता विचारलाय ते आधी वाचा.

पन्हाळ्यावर दाब कोल्हापूरपेक्षा कमी, म्हणून रेणू हळू, असंही नाही. वायू तोच असेल तर वेगांचं वितरण फक्त तापमानावर ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मॅक्सवेल-बोल्ट्झमनचं सूत्र कुठेही लावणं. कणांमधलं अंतर औष्णिक डी ब्रॉग्ली तरंगलांबीपेक्षा (त्या तापमानाला कणाच्या तरंगरूपाची लांबी) बरंच जास्त असेल तरच ते चालतं. खोलीतल्या हवेत ही तरंगलांबी सुमारे ०.०२ नॅनोमीटर आणि रेणूंमधलं अंतर तीनेक नॅनोमीटर, त्यामुळे निर्धास्त वापरा. तांब्यातल्या मुक्त इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी ४ नॅनोमीटरच्या वर, अंतर मात्र पाव नॅनोमीटरच्या आत. तिथे फर्मी-डिरॅकच लावावं लागतं.